इलेक्ट्रॉनिक काठी नवीन घेतलीय किंवा घ्यायचीय? नागपुरात चालायला शिकताना पहिल्यापासून काय काय करायचं

इतवारीत एका गल्लीत ट्रक उभा होता, त्याचा मागचा फाळका अर्धवट उघडा होता, माझी काठी त्याच्या खालून निघून गेली आणि फाळक्याची कड सरळ हनुवटीवर बसली. तीन टाके पडले. काठी मी बरोबर फिरवत होतो, चालतही बरोबर होतो, पण साध्या पांढऱ्या काठीला फक्त जमिनीवरचं कळतं. कमरेच्या वर हवेत जे काही पुढे आलेलं असतं, म्हणजे फाळका, झाडाची फांदी, उघडी खिडकी, एसीचा डबा, कुलर, त्याचा पत्ता काठीला लागत नाही, तो थेट आपल्या तोंडाला लागतो. त्या दिवसानंतर मी इलेक्ट्रॉनिक काठी घेतली, आणि आता बरीच वर्षं तीच वापरून राहिलो.

माझी नजर रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे गेली, आधी रात्रीचं दिसणं कमी झालं, मग बाजूचं, मग मधलंही. म्हणून जे मोठेपणी दृष्टी गेलेले आहेत, ज्यांनी काठी आत्ताच हातात घेतलीय, आणि ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला सुरुवातीला कोणी नीट क्रमाने सांगितलं असतं तर माझं निदान एक वर्ष वाचलं असतं.

आधी हे समजून घ्या की मशीन काय करतं आणि काय करत नाही

इलेक्ट्रॉनिक काठी म्हणजे बहुतेक वेळा साधी घडीची पांढरी काठीच असते, तिच्या वरच्या भागाला, मुठीजवळ, एक मशीन बसवलेलं असतं. ते मशीन पुढे अल्ट्रासाउंड सोडतं, साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज, आपल्या कानाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही म्हणून आपल्याला काहीच कळत नाही. तो आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन अंतर काढतं, वटवाघूळ करतं तसंच. ३ मीटरवर भिंत असेल तर आवाजाला जाऊन यायला १७-१८ मिलिसेकंद लागतात. मग मशीन मुठीत थरथर देतं, जवळचं असेल तर वेगळ्या प्रकारची, लांबचं असेल तर वेगळी.

आता जे करत नाही ते. खड्डा सांगत नाही. नाली सांगत नाही. गडरचं, म्हणजे गटाराचं, झाकण उघडं असेल तर मशीन एकदम गप्प राहतं, कारण समोर हवेत काहीच नसतं ना. पायरी उतरायची आहे हे सांगत नाही. ही सगळी कामं काठीच्या टोकाची आहेत. खालचं काठी सांगते आणि गुडघ्याच्या वरचं डोक्यापर्यंतचं मशीन सांगतं, दोघांची कामं वेगळी आहेत, एकाच्या भरवशावर दुसरं सोडलं की पडणार हे नक्की. मी हे इतकं जोर देऊन सांगतो कारण नवीन लोक मशीन हातात आलं की काठी जमिनीला टेकवणंच सोडून देतात, काठी टॉर्चसारखी समोर धरून चालतात, आणि पहिल्याच नालीत पाय जातो.

अजून काही गोष्टी मशीनच्या हातून सुटतात. बारीक तार, दोरी, पातळ सळई. तिरपी गुळगुळीत काच, कारण आवाज तिच्यावरून दुसरीकडेच निघून जातो आणि परत येत नाही. दुलई, चादर, कापसाची गाठ अशा मऊ वस्तू आवाज पिऊन टाकतात, त्या फार जवळ आल्यावर कळतात.

पहिली पायरी: साधी काठी, निदान दोन-तीन महिने

ही पायरी कोणालाच आवडत नाही, पण हीच खरी आहे. मशीनवाली काठी घरी आलेली असली तरी मशीन बंद ठेवा किंवा काढून ठेवा आणि साध्या काठीवर चालायला शिका.

पांढऱ्या काठीचा इतिहास फार जुना नाही. १९२१ मधे इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाच्या माणसाची अपघातात दृष्टी गेली, गाड्यांना आपण दिसावं म्हणून त्याने आपली काठी पांढरी रंगवली. म्हणजे काठी तेव्हा फक्त लोकांना दिसण्यासाठी होती. तिच्याने रस्ता चाचपत चालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बसली, तिथल्या लष्करी दवाखान्यात डोळे गमावलेले सैनिक यायचे, त्यांच्यासाठी रिचर्ड हूवर यांनी लांब काठी आणि ती कमानीत फिरवायची पद्धत तयार केली. आज आपल्याला ट्रेनिंगमधे जे शिकवतात ते मुळात तेच आहे.

काठीची लांबी आधी तपासा. काठी जमिनीवर उभी धरली की तिचं वरचं टोक तुमच्या छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आलं पाहिजे. उंच माणसाला किंवा झपाझप चालणाऱ्याला थोडी अजून लांब लागते. शिबिरात मिळालेली काठी पुष्कळदा आखूड असते आणि लोक तीच वापरत राहतात, मग वाकून चालायची सवय लागते, पाठ धरते, आणि आखूड काठीने खड्डा कळेपर्यंत पाय त्यात पडलेला असतो.

धरायची कशी, तर हस्तांदोलन करताना हात जसा पुढे करतो तसा, पहिलं बोट काठीवर सरळ पसरलेलं, हात पोटाच्या बरोबर मधोमध. हात एका बाजूला गेला की तुम्हीही तिकडेच सरकत जाता, आणि रस्त्याच्या कडेने चालताना सरकणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. काठी उजवीकडून डावीकडे फक्त मनगटाने फिरवायची, खांद्याने नाही, आणि कमान तुमच्या खांद्यांपेक्षा दोन-दोन इंच जास्त रुंद. पाय आणि काठी उलटे चालतात, डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक उजवीकडे टेकलेलं असतं, आणि उजवा पाय पडतो तेव्हा डावीकडे. असं का, कारण काठी आत्ता जिथे टेकली तिथे पुढचा पाय पडणार असतो, जागा तपासली आणि मग पाय टाकला असा हिशोब. हे चुकलं की काठी एकीकडचं तपासते आणि पाय दुसरीकडे पडतो. पहिले आठ-दहा दिवस डोक्यात सतत मोजणी चालते, मग ते आपोआप होतं.

टोकाचंही सांगतो. बारीक पेन्सिलसारखं टोक आपल्या गट्टूंच्या, म्हणजे फुटपाथवरच्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, फटीत अडकतं आणि काठीची मूठ पोटात बसते, म्हणून गोल फिरणारं टोक मिळालं तर तेच लावा, ते जमिनीवरून घासत नेता येतं, उचलून टेकवायची गरज नाही, आणि नागपुरात फुटपाथवर जिकडे तिकडे गट्टू असल्यामुळे मला तरी तेच बरं वाटतं.

मोबिलिटी ट्रेनिंग, म्हणजे काठीने एकट्याने फिरायचं शिक्षण, शिकलेल्या माणसाकडूनच घ्या, व्हिडिओ ऐकून अर्धवट येतं. नागपुरात दक्षिण अंबाझरी रोडवर ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आहे, आणि केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, नागपुरात आहे. दोन्हीकडे आधी फोन करून विचारा आणि मग जा, सोबत कोणाला तरी न्या.

दुसरी पायरी: कागदपत्रं

हे पटकन सांगतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दोन्हींचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आपल्याकडे मेडिकल आणि मेयो. सरकारी योजनांसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. आधार, फोटो, उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स घेऊन ठेवा, आणि फोनमधे स्कॅन करून एका फोल्डरमधे ठेवा म्हणजे दर वेळी कोणाला शोधायला लावायची गरज नाही.

केंद्र सरकारची एडिप नावाची योजना १९८१ पासून आहे, त्यात उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या दिव्यांगांना साधनं मोफत किंवा अर्ध्या किमतीत मिळतात, आणि स्मार्ट केनही त्यात दिली जाते. साधनं बहुतेक कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात. आधी तपासणी शिबिर होतं, तिथे माप आणि नोंद होते, आणि काही महिन्यांनी वाटपाचं शिबिर. मागच्या ३ वर्षांत सरकारकडून तेच साधन घेतलेलं नसावं अशी अट असते. तपासणीच्या दिवशी नोंदीवर काय लिहिलं ते सोबतच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा, माझ्या ओळखीच्या एका काकांच्या नोंदीत साधी काठी लिहिली गेली आणि वाटपाच्या दिवशी दिवसभर रांगेत बसून त्यांना साधी काठीच मिळाली.

तिसरी पायरी: कोणती घ्यायची

आपल्या देशात सगळ्यात जास्त चालते ती आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन. प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती तयार केली, दिल्लीच्या सक्षम ट्रस्टने दृष्टिहीन लोकांकडून वापरून घेऊन सुधारणा सुचवल्या, चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने बनवली, आणि २०१४ मधे ती साधारण ३००० रुपयांत बाजारात आली. परदेशातल्या अशा काठ्या तेव्हा कितीतरी महाग होत्या म्हणून हे मोठं काम होतं, माझ्या मनात त्या लोकांबद्दल फार आदर आहे. तिच्यात दोन मोड आहेत, छोटा मोड १.८ मीटरपर्यंतचा आणि लांबचा ३ मीटरपर्यंतचा. हे दोन आकडे पाठ करा, पुढे सगळं यांच्यावरच आहे.

अहमदाबादच्या टॉर्चइट कंपनीचं सारथी नावाचं मशीन आहे, ते तुमच्या आधीच्या काठीला लावता येतं. तुर्कस्तानात सुरू झालेली वीवॉक आहे, ती ब्लूटूथने फोनला जोडली जाते आणि रस्ताही सांगते, पण तिची किंमत स्मार्टकेनच्या कितीतरी पट आहे. नवीन माणसाने एकदम त्या महागाच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोन आपल्या खिशात आहेच, त्यात पडद्यावरचं वाचून सांगणारं टॉकबॅक आहे, नकाशा बोलतो, मग रस्ता विचारायचं काम फोनला आणि अडथळा सांगायचं काम काठीला राहू द्या.

मी आधी ऑनलाइन एक स्वस्तातली बीप बीप वाजणारी काठी मागवली होती, कंपनीचं नाव घेत नाही. समोर काही आलं की ती जोरात वाजायची आणि त्या आवाजात मला गाड्यांचे आवाज ऐकू यायचे नाहीत. आपले कान हे आपले डोळे आहेत, ते कोणत्याही मशीनला देऊन टाकायचे नाहीत. म्हणून थरथर देणारीच काठी घ्या, आणि आवाजाची सोय असली तर ती बंद करता येते का ते विकत घ्यायच्या आधी विचारा. फोनवरून रस्ता ऐकायचा असेल तरी एकाच कानात लावा किंवा कानाच्या हाडावर बसणारे हेडफोन येतात ते घ्या, त्यांच्याने कान मोकळा राहतो.

दुकानात किंवा शिबिरात हातात घेतली की या गोष्टी पाहा. मूठ तुमच्या हातात बसते का, मोडचं बटण अंगठ्याने चाचपून सापडतं का, चार्जिंग लागलं की नाही हे हाताने किंवा कानाने कळतं का, कारण नुसता लाल-हिरवा दिवा आपल्या काय कामाचा. वजनही पाहा, मशीनमुळे वरचा भाग जड होतो, दहा मिनिटं फिरवून पाहा, मनगट भरून आलं तर रोज वापरणं जमणार नाही.

चौथी पायरी: घरातला पहिला आठवडा

काठी घेऊन एकदम रस्त्यावर जाऊ नका. घरात एक मोकळी भिंत शोधा. भिंतीपासून सहा-सात पावलं मागे उभे राहा, लांबच्या मोडवर ठेवा आणि हळूहळू भिंतीकडे चालत जा. पहिली थरथर कुठे आली तिथे थांबा, तिथून भिंतीला हात लागेपर्यंत तुमची किती पावलं होतात ते मोजा. माझी चार होतात. हे वीस वेळा करा. मग छोट्या मोडवर करा, तिथे माझी दोन-अडीच होतात. मीटरमधे विचार करून काही उपयोग नाही, तुमच्या पावलात अंतर बसलं पाहिजे, थरथर आली म्हणजे चार पावलं आहेत हे विचार न करता पायाला कळलं पाहिजे.

मग घरच्यांना कामाला लावा. एकाने टीव्हीचा किंवा कुलरचा रिकामा खोका घेऊन छातीच्या उंचीवर धरायचा, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी डोक्याजवळ, आणि तोंडाने काही बोलायचं नाही. तुम्ही सांगायचं कुठे आहे. मग खोक्याऐवजी दुलई धरायची आणि फरक पाहायचा, किती उशिरा कळते ते. मग कपडे वाळत घालायची दोरी बांधून पाहायची, तिच्यावर कपडा नसेल तर मशीन काहीच बोलणार नाही, हे घरीच एकदा अनुभवून ठेवलेलं बरं.

इथे एक गोष्ट शिकायला मला फार दिवस लागले ती सांगतो. काठी तुम्ही फिरवता तेव्हा मशीनसुद्धा डावीकडून उजवीकडे फिरतं. म्हणजे काठी डावीकडे असताना थरथर आली तर वस्तू डावीकडे आहे, उजवीकडे असताना आली तर उजवीकडे, आणि दोन्हीकडे थरथरतं पण मधे शांत आहे तर मधून जायला वाट आहे. हे जमलं की मग दोन उभ्या गाड्यांच्या मधली फट तुम्हाला हात न लावता सापडते. पण त्यासाठी मनगट वाकडं होऊ देऊ नका, मूठ हातात फिरली की मशीन आकाशाकडे किंवा शेजाऱ्याच्या भिंतीकडे पाहायला लागतं आणि तुम्हाला चुकीचं सांगतं. मी मुठीवर वरच्या बाजूला सेलोटेपचा एक छोटा तुकडा दुमडून चिकटवलाय, अंगठा त्यावर असला की मशीन सरळ आहे.

पाचवी पायरी: आपली गल्ली

सकाळी सहा-साडेसहाला जा, गाड्या नसतात, आवाज कमी असतो. एकच गल्ली, जाऊन येऊन, रोज. भिंतीच्या कडेने चला, काठीच्या टोकाने भिंत किंवा ओटा धरून. लांबचा मोड ठेवा.

गल्लीत तुम्हाला कळेल की मशीन काय काय सांगतं. रस्त्याकडे बाहेर उघडणारी फाटकं. उभ्या स्कूटरचे हँडल, साधी काठी चाकांच्या मधून निघून जाते आणि हँडल बरगडीत बसतं, ते आता आधी कळतं. आणि एप्रिल आला की कुलर. नागपूरच्या बाहेरच्या वाचकाला हे कळणार नाही, पण आपल्याकडे उन्हाळा लागला की प्रत्येक खिडकीला कुलर लागतो, त्याचा लोखंडी स्टँड गल्लीत येतो, बरोबर छातीच्या नाहीतर डोक्याच्या उंचीवर. मार्चपर्यंत पाठ असलेली गल्ली एप्रिलमधे वेगळीच होते. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी माझे सगळे रस्ते सोबत कोणाला तरी घेऊन पुन्हा एकदा चालतो, आणि तुम्हीही चाला.

तसंच पोळा, मारबत आणि गणपतीच्या दिवसांत. मांडवाचे बांबू मशीनला कळतात पण त्यांना ताण द्यायला बांधलेल्या तिरप्या दोऱ्या कळत नाहीत. त्या काठीच्या टोकानेच सापडतात, तेही कमान नीट रुंद असेल तर. त्या दिवसांत मांडव असलेली बाजू सोडून दुसऱ्या बाजूने जायचं.

सहावी पायरी: मोठा रस्ता, बर्डी, मेट्रो

सगळ्यात आधी, रस्ता ओलांडताना मशीनवर अजिबात विसंबायचं नाही. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर येते, मशीनला दिसतं ३ मीटर, म्हणजे मशीनने सांगेपर्यंत तुमच्याकडे पाव सेकंद उरतो. रस्ता ओलांडणं म्हणजे कान, सिग्नलवर थांबणाऱ्या आणि सुटणाऱ्या गाड्यांचा आवाज, आणि माणूस. बाजूला उभा असेल त्याला सांगा, दादा मला पलीकडे सोडा, आणि तुम्ही त्याचं कोपर धरा, त्याला तुमचा हात धरून ओढू देऊ नका. बॅटरीवरच्या स्कूटर आणि ई-रिक्षा आता फार वाढल्यात आणि त्यांचा आवाज येत नाही, म्हणून एकट्याने ओलांडायचं धाडस मी तरी करत नाही.

सिमेंट रस्त्यांचं वेगळं आहे. आपल्याकडे रस्ता पुष्कळ ठिकाणी बाजूच्या जमिनीपेक्षा उंच झालाय, कडेला एकदम उतार नाहीतर पायरीएवढी कड असते. मशीन त्याबद्दल काहीच सांगत नाही. कडेजवळ आल्यावर काठी घासत चाला, टोक खाली गेलं की जागेवर थांबा, खोली मोजा, मग पाय टाका.

बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, मेन रोडवर संध्याकाळी मशीन लांबच्या मोडवर ठेवलं तर ते सतत थरथरत राहतं, कारण चारही बाजूंनी माणसंच असतात, आणि जे सतत थरथरतं ते काहीच सांगत नाही. गर्दीत छोटा मोड. फारच गर्दी असेल तर बंद करा आणि साध्या काठीने चाला, पांढरी काठी पाहून लोक सरकतात. म्हणूनच साधी काठी आधी शिका म्हणतो, मशीन बंद केल्यावरही तुम्ही चालू शकले पाहिजेत.

मेट्रो मला सगळ्यात सोपी वाटते आणि नवीन माणसाने एकट्याने लांब जायची सवय तिथूनच लावावी. स्टेशनवर जमिनीत उठावाच्या फरश्या आहेत, लांब पट्ट्या असतील तर चालत राहा, गोल ठिपके आले की थांबा, पुढे जिना, दार किंवा फलाटाची कड आहे. या फरश्या जपानच्या सेइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ मधे ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. त्या काठीच्या टोकाला आणि पायाला दोन्हीकडे कळतात. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन सीताबर्डीला भेटतात, तिथे गाडी बदलताना पहिले तीन-चार वेळा स्टेशनच्या स्टाफला सांगा, मग रस्ता पाठ होतो. फलाटावर मशीन छोट्या मोडवर, आणि ठिपक्यांच्या पुढे काठीसुद्धा न्यायची नाही जोपर्यंत दार उघडल्याचा आवाज येत नाही. फलाटाची कड म्हणजे खोली, आणि खोली मशीनला कळत नाही, हे परत सांगतो.

ऊन, पाऊस, चार्जिंग

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. गरम हवेत आवाज थोडा जोरात पळतो, त्यामुळे मशीनमधे तापमानाचा हिशोब नसेल तर ३ मीटरवरची भिंत त्याला साधारण १३-१४ सेंटीमीटर जवळ वाटते, चालताना त्याने काही फरक पडत नाही. फरक बॅटरीला पडतो. काठी बंद कारमधे किंवा गच्चीवर उन्हात ठेवू नका, आणि उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. पावसात मशीनच्या जाळीवर थेंब बसला की ते उगाच थरथरायला लागतं, रुमालाने हलकेच टिपा, आत फुंकर मारू नका, काडी घालू नका. जोराच्या पावसात मी मशीन बंदच ठेवतो, कारण पावसाच्या आवाजात तसंही गाड्या नीट ऐकू येत नाहीत, अशा वेळी बाहेर न पडणं किंवा ऑटो करणं चांगलं.

रोज रात्री फोनसोबतच काठी चार्जिंगला. आणि पिशवीत एक साधी घडीची काठी नेहमी, मशीन रस्त्यात बंद पडलं किंवा काठी कोणाच्या गाडीखाली आली तर घरी यायला. माझ्या काठीवरून एकदा ऑटोचं चाक गेलंय.

घरच्यांना दोन शब्द

माझी बायको पहिले दोन महिने माझ्या मागे वीस पावलांवर चालायची. आमचं ठरलं होतं की तिने काही बोलायचं नाही, फक्त खरंच धोका असेल तर "थांबा" एवढंच म्हणायचं. अरे, अहो, सांभाळून, इकडे, असलं काही नाही, कारण ते ऐकून माणूस गडबडतो आणि नेमका चुकीच्या दिशेला वळतो. "थांबा" म्हटलं की पाय जागेवर. तिला ते फार कठीण गेलं, मी खांबाकडे चाललोय हे दिसत असूनही ती गप्प राहायची, आणि दर वेळी मशीनने किंवा काठीने मला तो खांब सांगितला. तिच्या गप्प राहण्यामुळेच मी शिकलो. आईला मात्र ते पाहवायचं नाही, म्हणून मी सकाळी ती पूजेला बसली की निघायचो.

घरात सामानाची जागा बदलली तर सांगा. दार पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट नको.

शेवटची पायरी: स्वतःचा रस्ता रेकॉर्ड करा

एकट्याने पहिला रस्ता निवडाल तो दहा मिनिटांपेक्षा लांब नको, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला ओळखीचा माणूस हवा, दूध डेअरीवाला, पानठेलेवाला कोणीही. डोळस माणसासोबत तो रस्ता एकदा चालून फोनमधे स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा, आणि त्यात तीन गोष्टी बोला, काठीला काय लागतं, मशीन कुठे थरथरतं, कानाला आणि नाकाला काय कळतं. निघायच्या आधी ते रोज एकदा ऐका. माझं असं आहे:

फाटकातून बाहेर, डावीकडे. ओट्याची कड काठीने धरून अंदाजे चाळीस पावलं. इथे लांबची थरथर, उजवीकडून, तो विजेचा डबा. पुढे ओटा संपतो, काठी रिकामी फिरते, तिथे नाली आहे, वर फरशी आहे पण ती हलते, जपून. फरशीनंतर गट्टू. मग डोक्याच्या उंचीवर थरथर, ते कडुलिंबाचं झाड, खाली वाकायचं नाही, डावीकडे एक पाऊल. तर्री-पोह्याचा वास आला की ठेला, तिथे माणसं उभी असतात, छोटा मोड. मग दोन्हीकडून थरथर आणि मधे शांत, त्या वाटेने सरळ. पिठाच्या गिरणीचा आवाज यायला लागला की उजवीकडे वळायचं, तिसरं फाटक मित्राचं, कडी आतून असते, बाहेरूनच हाक मारायची.